पोत्याच्या तळाशी

नंदुरबारात माझं दुकान, मिरचीच्या पथाऱ्यांकडे जाणाऱ्या वाटेवर.
झेरॉक्स, लॅमिनेशन, पॅनकार्ड.
वारा फिरला की लाल धूळ आत येते,
गिऱ्हाइकाआधी प्रिंटर शिंकतो.

तापीबाई भोई भर दुपारी आली.
देठ खुडून खुडून बोटं तांबडी,
नातवाचा मोबाईल दोनच बोटांत,
मेलेली पाल धरावी तसा.
"वाच रे भो, कालदिनपाईन वाजी ऱ्हायना."

तिचा मेल मीच उघडून दिलेला,
निराधार योजनेच्या फॉर्मासाठी.
पासवर्डला तिने शेळीचं नाव दिलं,
तेव्हापासून शेळीला ती
हळू आवाजात हाक मारते.

मी वाचलं:
प्रिय विजेता, हार्दिक अभिनंदन.
जागतिक सोडतीत आपल्या पत्त्याची निवड झाली आहे.
बक्षीस रुपये पंचवीस लाख.
कृपया गुप्तता राखावी.
चोवीस तासांत चार हजार नऊशे भरावेत,
म्हणजे फाइल पुढे सरकेल.

"मनं नाव कोठे शे त्यामा?"
नाव नव्हतं.
"मी तं तिकीटबी लिधं नही,
मंग इनाम कथाईन लागनं?"
मी गप्प. हे वाक्य शिकायला मला
किती पैसे पडले होते, ते तिला कसं सांगू?

"तळ दखाड," ती म्हणाली.
मला कळेना.
मग तिने हवेतच हात खाली घातला, कोपरापर्यंत,
चाळीस वर्षं घालत आली तसा.
पोत्याच्या तोंडाशी कुणीही चमकती मिरची रचतो.
वजनाला मारलेलं पाणी तळाशी असतं,
आणि बुरशीही तिथेच.

मी पाठवणाऱ्याच्या नावावर बोट दाबलं.
वर बँकेचं नाव, टापटीप, इस्त्रीचं.
खाली उलगडला खरा पत्ता:
आकडे, अर्धी अक्षरं, कुठल्याच बँकेचा नसलेला चुरा.
तिला वाचता येत नाही.
तरी एकदा पाहिलं, म्हणाली,
"भिजेल शे."

आणि वर हेही,
की रोज वाटणारा मुकादम
आधी तिच्याच पदराची गाठ सोडायला सांगेल,
तर त्या पथारीवर ती दुसऱ्या दिवशी जाईल का?

मी गेलो होतो.
धुळ्याला, होस्टेलवर, एकोणीस वर्षांचा,
कॉम्प्युटर शिकणारा.
आधी परीक्षेची फी गेली, अठ्ठावीसशे,
मग ती सोडवायला आणखी सहा हजार.
घरी सांगितलं, स्टँडवर खिसा कापला.
बाप दुसऱ्याच दिवशी आला, न सांगता,
आणि धुळ्याच्या स्टँडवर दिवसभर बसून राहिला
प्रत्येकाचे हात बघत.
संध्याकाळच्या गाडीने परत गेला.
चोर ओळखू आला नाही म्हणाला.

एकोणीसशे तीस हा नंबर
आता माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे.
लोक विचारतात कशाचा,
मी सांगतो, पैसे गेले तर लगेच फिरवायचा,
लाज वाटायच्या आत.

मेल स्पॅममध्ये टाकला. तिने दहाची नोट ठेवली.
"राहू द्या, तापीबाई."
"फुकटनं लेवानं नही भो.
आत्तेच तं वाचं ना तू?"

मी चश्मा काढला.
"डोळाले हात लाऊ नको," ती उंबऱ्यावरून ओरडली,
"आठे बठ्ठं तिखट शे."

रस्त्यात मोबाईल पुन्हा वाजला.
तिने तो न बघताच ओट्यात टाकला,
वाळत घातलेल्या लालीच्या कडेकडेने
चालू लागली.